दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या श्वसनरुग्णांनी संसर्गाबाबत घ्यावयाची दक्षता

कुटुंबे आणि दवाखान्यात येणाऱ्या नागरिकांसाठी आरोग्यपाठ

हा पाठ कोणासाठी?

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून विदर्भासह देशाच्या अनेक भागांतील कुटुंबे या नगरीत येऊन स्थिरावली. खुर्सीपार ही अशाच श्रमिकांची वस्ती. कामावरची धूळ, विडी-सिगारेट, चुलीचा किंवा शेगडीचा धूर आणि बालपणी झालेले छातीचे आजार यांपैकी एक किंवा अनेक कारणांनी श्वसनमार्गाचे जुनाट विकार जडतात. दमा, सीओपीडी म्हणजेच श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा विकार, सारकॉइडोसिस आणि फुप्फुसाच्या ऊतींचे काही दाहक विकार हे त्यांतील प्रमुख होत.

या विकारांत स्टेरॉइड औषधे कधी थोडे दिवस, तर कधी महिनोन्‌महिने द्यावी लागतात. आपण किंवा आपल्या घरातील कोणी अशी औषधे घेत असल्यास हा पाठ आपल्यासाठी आहे. स्टेरॉइड श्वास मोकळा करते. मात्र त्याच वेळी शरीराची संसर्गाशी लढण्याची क्षमता घटवते आणि संसर्गाची नेहमीची लक्षणेही झाकून टाकते. त्यामुळे रुग्णाने आणि कुटुंबाने नेहमीपेक्षा लहान खुणांकडेही लक्ष देणे आवश्यक ठरते.

स्टेरॉइड म्हणजे काय?

आपल्या मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रोज तयार करतात. त्याच जातीचे औषध रुग्णावर प्रथम १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवातासाठी वापरले गेले, आणि या संशोधनाला १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आज प्रेडनिसोलोन, मिथाइलप्रेडनिसोलोन, डेफ्लाझाकोर्ट आणि डेक्सामेथासोन ही नावे गोळ्यांच्या पाकिटावर, तर बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन आणि बेक्लोमेथासोन ही नावे इन्हेलरवर आढळतात. व्यायामशाळांत शरीर फुगवण्यासाठी जी स्टेरॉइड्स वापरली जातात, ती वेगळी. त्यांच्याशी या औषधांचा संबंध नाही.

गोळीचा आकार पाहून तिची शक्ती ठरवू नये. पुढील मात्रांचा परिणाम जवळजवळ सारखा असतो :

- प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम
- मिथाइलप्रेडनिसोलोन ४ मिलिग्रॅम
- डेफ्लाझाकोर्ट ६ मिलिग्रॅम
- डेक्सामेथासोन ०.७५ मिलिग्रॅम

‘अर्धा मिलिग्रॅमची बारीकशी गोळी’ म्हणून घेतले जाणारे डेक्सामेथासोन दिवसातून तीन वेळा घेतल्यास ते प्रेडनिसोलोनच्या १० मिलिग्रॅमइतके होते. ही गोष्ट अनेक घरांत ठाऊक नसते.

संसर्गाचा धोका का वाढतो?

जंतू शरीरात शिरताच पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून त्या जागी धावतात. तेथे सूज, उष्णता आणि वेदना निर्माण होते, ताप येतो. हा दाह त्रासदायक असला तरी तो शरीराच्या संरक्षणाचा भाग आहे. स्टेरॉइड हा दाह शमवते, म्हणून दम्याच्या झटक्यात आराम पडतो. परंतु पांढऱ्या पेशींचे जंतूपर्यंत पोहोचणेही त्यामुळे मंदावते आणि लिम्फोसाइट या पेशींची संख्या व कार्य घटते.

याचे दोन परिणाम होतात. पहिला, संसर्ग सहज होतो आणि लवकर पसरतो. दुसरा, तो उशिरा ओळखू येतो. न्यूमोनिया झाला तरी ताप येईलच असे नाही. पोटात गंभीर बिघाड होऊनही पोट फारसे दुखत नाही. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या दिसतात, पण ती वाढ कित्येकदा स्टेरॉइडमुळेच असते. यासाठी तपासणाऱ्या डॉक्टरांना औषधाची माहिती असणे अनिवार्य आहे.

धोका कशावर अवलंबून असतो?

धोका औषधाची मात्रा, कालावधी आणि मार्ग यांवर ठरतो.

*थोड्या दिवसांच्या गोळ्या.* सीओपीडी अचानक बळावल्यास साधारणपणे प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम पाच दिवस दिले जाते. १४ दिवसांच्या उपचाराइतकाच लाभ पाच दिवसांत होतो, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडमधील अभ्यासाने दाखवले. म्हणून पाच दिवसांसाठी लिहिलेली गोळी ‘बरे वाटते’ म्हणून पुढे चालू ठेवू नये. सीओपीडीत कायमस्वरूपी स्टेरॉइड गोळ्या घेण्याची शिफारस केली जात नाही.

*दीर्घकाळ गोळ्या.* रोज १५ मिलिग्रॅम किंवा अधिक प्रेडनिसोलोन महिनाभर वा त्याहून अधिक काळ घेणाऱ्यांत क्षयरोगाचा धोका विशेष वाढतो. रोज २० मिलिग्रॅम किंवा अधिक मात्रा दोन आठवडे वा जास्त चालल्यास रोगप्रतिकारशक्ती लक्षणीय घटलेली मानली जाते. याहून कमी मात्रेतही धोका पूर्णपणे नाहीसा होत नाही.

*इन्हेलर.* इन्हेलरमधील मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजली जाते आणि औषध थेट श्वासनलिकेत जाते. त्यामुळे उर्वरित शरीरावरील परिणाम गोळ्यांच्या तुलनेत पुष्कळ कमी असतो. तथापि सीओपीडीच्या रुग्णांत न्यूमोनियाचे प्रमाण काहीसे वाढते. सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात स्टेरॉइड नसलेल्या गटात शंभरांपैकी सुमारे १२ जणांना, तर स्टेरॉइड इन्हेलर घेणाऱ्या गटांत सुमारे १८ ते २० जणांना न्यूमोनिया झाल्याची नोंद झाली. यास्तव सीओपीडीत स्टेरॉइडयुक्त इन्हेलर कोणाला द्यावे, हे डॉक्टर रुग्णागणिक ठरवतात. दम्यात मात्र हाच उपचाराचा पाया आहे.

वय ६५ च्या पुढे असणे, मधुमेह, कुपोषण, तंबाखूचे व्यसन, सिलिकायुक्त धुळीत केलेले काम आणि रोगप्रतिकारशक्ती घटवणारी अन्य औषधे यांमुळे हा धोका अधिक होतो. छत्तीसगड आणि विदर्भात सिकलसेल आजार आढळतो. या आजारात मुळातच जंतुसंसर्गाचे भय असते आणि स्टेरॉइडनंतर वेदनेचा झटकाही येऊ शकतो. म्हणून घरात सिकलसेलचा इतिहास असल्यास तो आवर्जून सांगावा.

कोणत्या संसर्गांकडे लक्ष द्यावे?

१. क्षयरोग. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू निद्रिस्त असतात. पांढऱ्या पेशी त्यांच्याभोवती कुंपण करून त्यांना कोंडून ठेवतात. स्टेरॉइडने हे कुंपण सैल पडते आणि जुना जंतू जागा होतो.

श्वसनरुग्णाला खोकला नेहमीचाच असतो, आणि येथेच मोठी फसगत होते. ‘दोन आठवड्यांहून अधिक खोकला’ ही सर्वसामान्यांसाठीची खूण त्याला पुरेशी नाही. त्याने खोकल्यातील बदल पाहावा. कफ वाढला किंवा त्याचा रंग पालटला, कफात रक्ताचा अंश दिसला, वजन उतरू लागले, अन्नावरची वासना गेली, रात्री घाम येऊ लागला, किंवा नेहमीच्या औषधाने आराम पडेनासा झाला, तर बेडक्याची तपासणी करून घ्यावी. शासकीय आरोग्य केंद्रात ही तपासणी आणि क्षयरोगाचे औषध विनामूल्य आहे. उपचार सुरू असलेल्या रुग्णास निक्षय पोषण योजनेतून पोषणासाठी दरमहा साहाय्य मिळते. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम दरमहा १,००० रुपये आहे.

दीर्घकाळ स्टेरॉइड सुरू करण्यापूर्वी क्षयरोग नाही याची खात्री करून घेणे इष्ट. सारकॉइडोसिस आणि क्षयरोग यांची क्ष-किरण चित्रे एकमेकांसारखी दिसू शकतात, म्हणून तेथे ही खात्री अधिकच महत्त्वाची. सक्रिय क्षय नसल्यास काही रुग्णांना प्रतिबंधक उपचार दिला जातो. क्षयावरील रिफाम्पिसिन हे औषध प्रेडनिसोलोनचा परिणाम कमी करते. त्यामुळे दोन्ही उपचार एकत्र चालणार असल्यास मात्रा डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावी.

२. न्यूमोनिया. धाप अचानक वाढणे, छातीत टोचणे, कफ हिरवा-पिवळा होणे, वृद्ध व्यक्ती गोंधळल्यासारखी बोलणे ही लक्षणे ताप नसतानाही गंभीर समजावीत. दीर्घकाळ अधिक मात्रा घेणाऱ्यांत न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीमुळेही न्यूमोनिया होतो. त्यात कोरडा खोकला येतो आणि चार पावले चालताच दम लागतो. ज्यांना हा धोका अधिक आहे, त्यांना डॉक्टर प्रतिबंधक गोळी देतात.

३. बुरशीचे संसर्ग. इन्हेलरनंतर तोंड न धुतल्यास जिभेवर व टाळ्यावर पांढरे चट्टे येतात आणि आवाज बसतो. हा साधा आणि टाळता येण्याजोगा त्रास आहे. याउलट म्युकरमायकोसिस हा जिवावर बेतणारा आजार. २०२१ च्या उन्हाळ्यात कोविडच्या दुसऱ्या लाटेचा दुर्ग जिल्ह्याला तीव्र फटका बसला. त्यानंतर ‘काळी बुरशी’ या नावाने हा आजार घरोघरी माहीत झाला. महाराष्ट्रात असंख्य रुग्ण आढळले, रायपूरच्या एम्समध्येही रुग्ण दाखल झाले. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची दोन प्रमुख कारणे होती. प्राणवायू लागणाऱ्या कोविड रुग्णाला डेक्सामेथासोनने जीवदान मिळते, हे २०२० मध्ये सिद्ध झाले होते. तथापि ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, अशांनीही ते घेतले, आणि कित्येकांनी ठरल्याहून अधिक दिवस घेतले. मे २०२१ मध्ये केंद्र शासनाने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करण्यास सांगितले. चेहऱ्याच्या एका बाजूस सूज वा बधिरता, नाकातून काळपट स्राव, डोळा दुखणे किंवा एकाची दोन दृश्ये दिसणे अशी लक्षणे आढळताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

४. नागीण, कांजिण्या व गोवर. शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखे वेदनायुक्त फोड उठले, तर ती नागीण असू शकते. औषध पहिल्या तीन दिवसांत सुरू झाल्यास अधिक उपयोगी पडते. घरातील बालकाला कांजिण्या किंवा गोवर झाल्यास आणि आपल्याला ते पूर्वी झाले नसल्यास पुरळ उठण्याची वाट पाहू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

५. मातीतून शिरणारा कृमी. स्ट्राँगिलॉइड्स हा सूक्ष्म कृमी ओल्या मातीत अनवाणी चालताना पायाच्या त्वचेतून शिरतो आणि आतड्यात वर्षानुवर्षे गुप्त राहतो. स्टेरॉइडमुळे तो संपूर्ण शरीरात पसरू शकतो. आपण भातशेतीत काम केले असल्यास किंवा गावी अनवाणी वावर असल्यास हे डॉक्टरांना सांगावे, कारण आधी तपासणी व औषध देऊन हा धोका टाळता येतो.

६. कावीळ ब. या विषाणूचा जुना, शांत संसर्ग स्टेरॉइडने पुन्हा उफाळू शकतो. दीर्घ उपचारापूर्वी रक्ततपासणी करून घ्यावी.

औषध अचानक बंद करू नये

वरील मजकूर वाचून गोळ्या टाकून देण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे. तसे कदापि करू नये. तीन आठवड्यांहून अधिक काळ गोळ्या घेतल्यास अधिवृक्क ग्रंथी सुस्तावतात आणि स्वतःचे संप्रेरक पुरेसे तयार करीत नाहीत. अशा वेळी औषध एकाएकी थांबल्यास तीव्र अशक्तपणा, उलट्या, रक्तदाब घसरणे, शुद्ध हरपणे असे प्रकार घडतात आणि प्राणही जाऊ शकतात. मात्रा टप्प्याटप्प्याने, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावी.

आजारपणात, अपघातात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी अशा रुग्णाची मात्रा काही दिवस वाढवावी लागते. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल, तर इंजेक्शनची गरज असते. ही तातडीची अवस्था समजावी.

रोजच्या व्यवहारात घ्यावयाची काळजी

- इन्हेलर घेतल्यावर पाण्याने चूळ भरून पाणी थुंकून टाकावे. पंपाच्या इन्हेलरबरोबर स्पेसर वापरावा.
- ‘इन्हेलरची सवय लागते’ या समजुतीने इन्हेलर सोडून गोळ्यांकडे वळू नये. गोळ्यांचा धोका अधिक असतो.
- वाफाऱ्याच्या यंत्राची वाटी व मुखवटा प्रत्येक वापरानंतर धुऊन पूर्ण कोरडा करावा. घरातील दोघांनी एकच मुखवटा वापरू नये.
- रक्तातील साखर वेळोवेळी तपासावी. स्टेरॉइडने साखर वाढते आणि वाढलेली साखर संसर्गाला पोषक ठरते.
- खोकणाऱ्या व्यक्तीजवळ आणि गर्दीत मुखपट्टी वापरावी. बाहेरून येताच हात साबणाने धुवावेत.
- विडी, सिगारेट, तंबाखू सोडावी. स्वयंपाकघरात धूर साचू देऊ नये.
- ओल्या मातीत व शेणखतात काम करताना पादत्राणे, हातमोजे आणि मुखपट्टी वापरावी.
- पाकिटावर तांबडी उभी रेघ असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. ‘दम्यावर हमखास गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या पुड्या व गोळ्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते.

लसीकरण

इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षी आणि न्यूमोकोकल लस डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. या निर्जीव लसी असून स्टेरॉइड घेणाऱ्यांस त्या देता येतात. शक्य असल्यास दीर्घ उपचार सुरू होण्यापूर्वी त्या घेणे अधिक चांगले. गोवर, कांजिण्या, बीसीजी यांसारख्या जिवंत जंतूंच्या लसी मात्र अधिक मात्रेत स्टेरॉइड चालू असताना घेऊ नयेत. औषध थांबल्यानंतरही साधारण एक महिना थांबावे लागते. लसीकरण शिबिरात नाव नोंदवतानाच आपले औषध सांगावे.

स्वाध्याय : तीन प्रसंग

*प्रसंग १.* सीओपीडी असलेल्या एका गृहस्थांना गतवर्षी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. तीच चिठ्ठी दाखवून ते वर्षभर गोळ्या आणत आहेत. आता वजन उतरले आहे, ताप मात्र नाही. काय करावे?
उत्तर : गोळ्या स्वतःहून बंद करू नयेत. सर्व पाकिटे व चिठ्ठ्या घेऊन लवकरात लवकर डॉक्टरांकडे जावे आणि बेडका तपासून घ्यावा. ताप नाही म्हणून क्षय नाही, असे समजू नये.

*प्रसंग २.* सारकॉइडोसिससाठी रोज २० मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन घेणाऱ्या आजींच्या नातवाला कांजिण्या आल्या. आजींना त्या पूर्वी झाल्याचे आठवत नाही.
उत्तर : लक्षणे दिसेपर्यंत थांबू नये. संपर्कानंतर पहिल्या काही दिवसांतच प्रतिबंधक उपचार शक्य असतो. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. तोवर नातवाची शुश्रूषा इतरांनी करावी.

*प्रसंग ३.* दम्याचा स्टेरॉइड इन्हेलर घेणारी तरुणी हा पाठ वाचून इन्हेलर बंद करण्याचे ठरवते.
उत्तर : हा निर्णय चुकीचा आहे. इन्हेलर थांबवल्यास दमा बळावून गोळ्या व इंजेक्शने घेण्याची पाळी येऊ शकते. इन्हेलर चालू ठेवावा, चूळ भरावी.

त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी, अशी लक्षणे

- ताप १०० अंश फॅरेनहाइट किंवा अधिक, अथवा थंडी वाजून हुडहुडी
- नेहमीपेक्षा अधिक धाप, बोलताना वाक्य तुटणे, ओठ निळसर होणे
- बोटावरील यंत्रात प्राणवायूची पातळी ९० च्या खाली, किंवा आपल्या नेहमीच्या पातळीपेक्षा स्पष्ट घट
- कफात रक्त
- वारंवार उलट्या, त्यामुळे गोळी न टिकणे
- गुंगी, असंबद्ध बोलणे, चक्कर येऊन कोसळणे
- चेहऱ्यावर एका बाजूस सूज किंवा दृष्टीत अचानक बदल

रुग्णवाहिकेसाठी १०८ या क्रमांकावर संपर्क साधावा. क्षयरोगविषयक माहितीसाठी निक्षय संपर्क ही निःशुल्क सेवा १८००-११-६६६६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. तपासणी कोठे होते, हे आपल्या वस्तीतील मितानिन किंवा जवळचे आरोग्य केंद्र सांगू शकेल.

स्टेरॉइड नोंदपत्र

कित्येक कुटुंबांत रुग्णाचा नित्याचा उपचार भिलाईत असतो, तर नातलगांकडे नागपूर किंवा गोंदियास गेल्यावर आजार उद्भवतो आणि तेथील डॉक्टरांपुढे जुने कागद नसतात. पुढील माहिती जाड कागदावर लिहून रुग्णाच्या पाकिटात किंवा पर्समध्ये ठेवावी. घरातील आणखी एका व्यक्तीच्या भ्रमणध्वनीत तिचे छायाचित्रही असावे. कोणत्याही कारणासाठी, अगदी दातांच्या डॉक्टरांकडे गेल्यावरही, हे पत्र प्रथम दाखवावे.

- रुग्णाचे नाव व वय
- फुप्फुसाचा आजार
- स्टेरॉइडचे नाव, रोजची मात्रा व घेण्याचा मार्ग
- सुरू केल्याची तारीख आणि मात्रा शेवटची बदलल्याची तारीख
- मधुमेह, सिकलसेल, पूर्वीचा क्षयरोग : आहे / नाही
- घेतलेल्या लसी व त्यांचे वर्ष
- नेहमीची प्राणवायू पातळी
- उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा व घरच्या व्यक्तीचा दूरध्वनी
- ‘हे औषध अचानक थांबवू नये. ताप नसला तरी संसर्गाची शक्यता तपासावी.’

*ही पत्रिका आरोग्यशिक्षणासाठी आहे. औषधाची मात्रा सुरू करणे, बदलणे किंवा थांबवणे हे केवळ नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या सल्ल्यानेच करावे. वाचून झाल्यावर ही पत्रिका शेजारच्या घरी द्यावी.*